सायलेन्सरमधला साक्षीदार

परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला तो १ मे १९९९ रोजी. त्याच्या दोन दिवस आधी, २९ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या हवेच्या खटल्यात आदेश दिला: राजधानी परिसरात नोंदल्या जाणाऱ्या खासगी मोटारी १ जूनपासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ या धुराच्या निकषांत बसल्याच पाहिजेत. त्या आठवड्यात या दोन बातम्यांची सांगड घालायचं कुणालाही कारण नव्हतं. नव्या जिल्ह्यापुढे कचेऱ्या कुठे थाटायच्या हा प्रश्न होता; दिल्लीच्या धुराशी हिंगोलीचं काय देणंघेणं? पण आज हिंगोलीत एमएच-३८ पाटीच्या पेट्रोल गाडीचा ‘चेक लाईट’ लागतो, मालक मोबाइलवर बिघाडाचा क्रमांक वाचतो, नांदेडहून एक सुटा भाग मागवतो आणि रविवारी सकाळी अंगणात बावीसचा पाना घेऊन स्वतःच तो बदलतो. तो भाग त्या आदेशाच्या वाटेने इथवर आला आहे.

भागाचं नाव ऑक्सिजन सेन्सर. मिस्त्री त्याला नुसतं ‘ओटू’ म्हणतात, कंपन्यांच्या पुस्तकांत तो ‘लॅम्डा’ असतो. इंजिनात जळालेला वायू ज्या लोखंडी नळीतून सायलेन्सरकडे जातो, तिच्यात त्याचं बोटाच्या पेराएवढं टोक घुसलेलं असतं आणि मागून बहुधा चार तारा निघतात. त्याचं काम एकच. जळून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन शिल्लक आहे की संपला, हे सांगायचं. शिल्लक असेल तर पेट्रोल कमी पडतंय. संपला असेल तर जास्त होतंय. ही खबर घेऊन गाडीचा संगणक लगेच पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो. आजच्या गाडीत सेन्सर डझनांनी आहेत. क्रँक किती फिरला ते सांगणारा आहे, कूलंट किती तापलं ते सांगणारा आहे, इंजिन ठोके देऊ लागलं तर ते ऐकणाराही आहे. तरी मी हा एकच निवडला, कारण याचा वंश शोधत गेलं की गाडी घरच्या घरी दुरुस्त करण्याची मुभा आपल्याला कुठून मिळाली, तेही सापडतं.

सेन्सर नव्हता तेव्हाही हवा-पेट्रोलचं मिश्रण तपासलं जातच होतं. तपासणारा माणूस होता. हिंगोली निजामाच्या राज्यातलं छावणीचं गाव. तोफखाना, पलटण, रिसाला बाजार, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावं त्या फौजेच्या काळातली. निजामाच्या रेल्वेने १५ जून १९३२ रोजी २७ बसगाड्यांनिशी राज्यात रस्तावाहतूक सुरू केली, तेव्हा चालकापुढे माहिती देणारी यंत्रं जेमतेमच असत. अमेरिकेत १९१०च्या दशकात बॉइस मोटोमीटर नावाचा थर्मामीटर निघाला होता. तो रेडिएटरच्या टोपणावरच उभा बसवायचा आणि चालकाने आपल्या जागेवरून, समोरच्या काचेपलीकडे, त्याची लाल रेषा किती चढली ते पाहायचं. आजच्या कूलंट सेन्सरचा तो पणजोबा म्हणता येईल. बाकी सगळा कारभार कान, नाक आणि डोळ्यांवर चाले.

मिश्रणाच्या बाबतीत डोळा लागे तो प्लगसाठी. कुर्ल्याला तयार होणारी फिएट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, उत्तरपाड्याची अँबॅसेडर, महिंद्रांची पेट्रोल जीप. या गाड्यांवर हात बसलेले जुने मिस्त्री मराठवाड्यात अजून भेटतात. गाडी ‘मिसिंग’ मारू लागली, पिकअप गेला, अ‍ॅव्हरेज पडलं, की त्यांचं पहिलं काम प्लग काढून उजेडात धरायचं. टोक काळं आणि काजळीने मऊ झालेलं असेल तर पेट्रोल जास्त. पांढरट, भाजून निघाल्यासारखं असेल तर पेट्रोल कमी, हवा जास्त. तांबूस भुरं असेल तर जमलं. मग कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. एक चक्कर, पुन्हा प्लग. हे उस्तादाच्या शेजारी पाने देत उभं राहून शिकायचं असे आणि शिकायला वर्षं लागत. या कसबाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याची मर्यादाही खरी होती. प्लगचा रंग मागे तुडवलेल्या रस्त्याचा हिशेब देतो, चालू क्षणाचा नाही. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला तेव्हा मिश्रण किती बिघडलं, हे प्लग वेगळं करून सांगू शकत नाही. आणि प्लग हाती येईपर्यंत त्या बिघाडाचा धूर कुणाच्या तरी छातीत गेलेला असतो.

चालू क्षणाचं उत्तर देणारी माती मात्र मोटारीच्या बाळपणीच सापडली होती. जर्मनीत वॉल्टर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये विद्युतदाब आणि द्रावणातल्या घटकांचं प्रमाण यांचं नातं सांगणारं समीकरण मांडलं. पुढे १८९७ मध्ये त्यांनी एक दिवा केला. एडिसनच्या दिव्यातली तार निर्वात काचेत ठेवावी लागे. नेर्न्स्ट यांच्या दिव्यात झिर्कोनिया आणि यट्रिया या धातूंच्या भस्मांची पांढरी कांडी होती आणि ती उघड्या हवेत पेटे. तिची अडचण एवढीच की थंड असताना तिच्यातून वीज वाहतच नसे. आधी काडीच्या ज्योतीने तापवायची, मग ती वाहती होऊन स्वतःच्या उष्णतेवर जळत राही. नंतरच्या दिव्यांत यासाठी छोटी तापनतार बसवली गेली. एईजी कंपनीने या दिव्याचे हक्क विकत घेतले, काही वर्षं तो चालला, मग टंगस्टनच्या तारेने त्याला मागे टाकलं. नेर्न्स्ट यांना १९२० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी.

दिवा गेला, पण माती राहिली. त्या कांडीतून वीज वाहते ती ऑक्सिजनच्या आयनांच्या पावलांनी. स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या असतात आणि पुरेशी उष्णता मिळाली की आयन एका रिकाम्या जागेतून दुसरीत सरकतात. आता त्या मातीची एका टोकाला बंद अशी छोटी नळी करा. आत बाहेरची स्वच्छ हवा, बाहेरच्या अंगाला इंजिनाचा धूर. आत ऑक्सिजन भरपूर, बाहेर तुटवडा. आयन तुटवड्याकडे ओढ घेतात आणि नळीच्या दोन अंगांमध्ये विद्युतदाब तयार होतो. किती, ते नेर्न्स्ट यांचं समीकरण सांगतं. धुरात ऑक्सिजन संपला असेल तर साधारण ०.८ ते ०.९ व्होल्ट, शिल्लक असेल तर ०.१ ते ०.२. या दोन्हींच्या मधली उडी अत्यंत तीव्र, आणि ती नेमकी तिथेच होते जिथे १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा मिळते. सेन्सर तापायला लागतो, ३०० अंशांच्या खाली त्याचा भरवसा नाही, हे जे मिस्त्री सांगतात ते त्या दिव्याच्याच वंशाचं लक्षण. आजच्या सेन्सरच्या चार तारांपैकी दोन त्याला तापवणाऱ्या हीटरच्या असतात. काडीच्या ज्योतीचं काम आता त्या करतात.

ही नळी सायलेन्सरमध्ये बसवायची वेळ कुणावर का आली, तर लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. जुलै १९४३ मध्ये त्या शहरात एवढं धुरकं दाटलं की युद्धाच्या दिवसांत लोकांना तो जपानचा विषारी वायूचा हल्ला वाटला. १९५०च्या सुमारास एरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाने त्याचं मूळ शोधलं. हे गृहस्थ अननसाचा वास कोणत्या द्रव्यांमुळे येतो याचा अभ्यास करत होते. तीच हत्यारं त्यांनी शहराच्या हवेवर चालवली आणि दाखवलं की मोटारींच्या नळीतून निघणारे अर्धवट जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकमेकांशी मिळून हे धुरकं तयार करतात. मोटार कंपन्यांनी बराच काळ हे मान्य केलं नाही. अखेर १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाचं हवा मंडळ उभं राहिलं, १९७० मध्ये अमेरिकेचा स्वच्छ हवा कायदा आला, आणि त्यातल्या मर्यादा गाठायला सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवणं भाग पडलं. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड अशा तिन्हींचा निकाल एकदम लावणारा कन्व्हर्टर १४.७च्या अगदी अरुंद पट्टीतच नीट चालतो. पाव फेऱ्याच्या स्क्रूने ती पट्टी धरून ठेवणं कोणत्याही उस्तादाला शक्य नव्हतं.

मग प्लग बनवणाऱ्यांनीच त्याचा उपाय शोधला. तापलेल्या धुरात चिनी मातीचं टोक वर्षानुवर्षं टिकवणं, धातू आणि माती यांचा सांधा हवाबंद ठेवणं, ही प्लग बनवणाऱ्यांचीच विद्या. बॉशने १९७६ मध्ये लॅम्डा सेन्सरचं उत्पादन सुरू केलं आणि अमेरिकेसाठीच्या व्हॉल्वो गाड्यांत तो आधी बसला. जपानमध्ये एनजीके या प्लगवाल्या कंपनीने तेच केलं. एनटीके नावाने येणारे तिचे सेन्सर आपल्याकडेही मिळतात. बहुतेक सेन्सरचे आटे १८ मिलिमीटरचे, दीड मिलिमीटर पेचाचे असतात. जुन्या काळच्या मोठ्या प्लगांचे आटेही हेच. प्लगच्या टोकाचा रंग वाचणाऱ्या डोळ्याचा वारसा प्लगच्याच अंगाच्या वस्तूकडे गेला, ही गोष्ट मला फार आवडते.

भारतात हा प्रवास शिशाच्या बाजूने सुरू झाला. पेट्रोलमधलं शिसं कन्व्हर्टरला आणि सेन्सरला दोघांनाही मारतं; सच्छिद्र मातीवर त्याचा थर बसला की ती आंधळी होते. महेश चंद्र मेहता यांनी १९८५ मध्ये दिल्लीच्या वाहनांच्या धुराविरुद्ध दाखल केलेल्या याचिकेवर पुढे एकामागून एक आदेश निघत गेले. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यांच्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. सुरुवातीच्या अनेक गाड्यांत कन्व्हर्टर आला तरी कार्बोरेटर तोच होता. सेन्सर, संगणक आणि इंजेक्टर हे त्रिकूट खऱ्या अर्थाने आलं ते गाड्यांच्या मागे ‘एमपीएफआय’ (मल्टी-पॉइंट फ्युएल इंजेक्शन) लिहिलं जाऊ लागल्यावर. तीच ती अक्षरं, जी पाहून तेव्हाचे अनेक मिस्त्री हात मागे घेत: ही गाडी शोरूमलाच न्या.

यापुढची आखणी एका मराठी माणसाच्या हातची आहे. गोव्यातल्या माशेलचे आणि गिरगावात वाढलेले रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. वाहनांच्या इंधनाचं धोरण ठरवण्यासाठी २००१ मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष. न्यायालय एकेका शहरापुरता, एकेका इंधनापुरता आदेश देत होतं. समितीने २००२च्या अहवालात देशभराचा क्रम लावून दिला. मोठ्या शहरांत आधी, बाकी देशात मागाहून, आणि गाडीचा निकष व पंपावरचं इंधन यांनी हातात हात घालून यायचं. भारत स्टेज-२ हा धुराचा निकष देशभर २००५ मध्ये, स्टेज-३ २०१० मध्ये. स्टेज-४ एप्रिल २०१० मध्ये १३ शहरांत लागू झाला, त्यांत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर. हिंगोलीसह उरलेल्या देशाची सक्ती पूर्ण झाली १ एप्रिल २०१७ रोजी. तीन वर्षांनी, १ एप्रिल २०२० ला, स्टेज-५ वगळून थेट स्टेज-६. मोठ्या शहरांना आधी स्वच्छ हवा आणि जिल्ह्यांना मागून, हा क्रम मला अन्यायाचा वाटतो. हिंगोलीच्या पोराची छाती पुण्याच्या पोराहून वेगळी नसते. पण रिफायनऱ्या रातोरात बदलत नाहीत, आणि इंधनातल्या गंधकासकट सगळं एका वेळापत्रकात बसवलं नसतं तर नवा सेन्सर जुन्या पेट्रोलमध्ये मेला असता, हेही मान्य करायला हवं.

इंधनाचा विषय निघाला की यशवंत सोनवणे आठवतात. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला तेलभेसळीवर हात टाकायला गेले आणि त्यांना जिवंत जाळण्यात आलं. भेसळीच्या पेट्रोलने सेन्सरवर, कन्व्हर्टरवर काजळी धरते, गाडी धूर ओकते, असं आपण सहज बोलतो. ती भेसळ रोखण्यासाठी एका अधिकाऱ्याने जीव दिला आहे.

आता घरच्या दुरुस्तीकडे. सेन्सर आला तसा बिघाड वाचण्याचा मार्ग आधी बंदच झाला होता. अमेरिकेत १९८०च्या दशकात प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, बिघाडाची भाषा वेगळी, वाचायचं यंत्र फक्त कंपनीकडे. तो मार्ग उघडला पुन्हा कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने. त्यांचं म्हणणं साधं होतं: गाडी कारखान्यातून निघताना स्वच्छ असून भागत नाही, आठ-दहा वर्षं वापरल्यावरही ती स्वच्छ आहे का हे गाडीनेच सांगितलं पाहिजे. १९८८च्या गाड्यांपासून गाडीने स्वतःचा बिघाड ओळखून दिवा लावायची सक्ती झाली. १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत एकच १६ पिनांचं सॉकेट, चालकाच्या पायाजवळ, हत्याराशिवाय सापडेल अशा जागी, आणि बिघाडांचे क्रमांकही सगळ्यांना समान. त्याच्या आधीच, १९९०च्या कायदादुरुस्तीने, धुराशी संबंधित दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना देणं कंपन्यांवर बंधनकारक केलं होतं. भारतात हे सॉकेट नियमाने आलं ते स्टेज-४ बरोबर: एप्रिल २०१० पासून पहिला टप्पा, एप्रिल २०१३ पासून दुसरा.

कायदा केला होता धूर पकडण्यासाठी. त्याने गाडीच्या पोटातली माहिती तिच्या मालकाला आणि गल्लीतल्या मिस्त्रीला खुली केली, हे त्याचं आनुषंगिक फळ. कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीने २०००च्या दशकात एल्म-३२७ नावाची चिप काढली. ती निरनिराळ्या गाड्यांच्या संदेशपद्धती वाचून साध्या अक्षरांत देते. तिच्या अमाप नकला निघाल्या आणि आगपेटीएवढा ब्लूटूथ स्कॅनर काही शे रुपयांत घराघरांत पोचला. मोबाइलवर अ‍ॅप टाकलं की ओटूचे व्होल्ट लाटेसारखे वरखाली होताना दिसतात. दिल्लीला शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्याचा मुद्दाही हाच होता: अस्सल सुटे भाग आणि बिघाड शोधायची यंत्रं बाहेरच्या गॅरेजला मिळू न देणं हा बाजाराचा गैरवापर आहे. दंडाची लढाई पुढे वरच्या पायऱ्यांवर गेली, पण गल्लीतल्या मिस्त्रीची बाजू एका सरकारी आदेशात एवढ्या स्पष्टपणे मांडली गेली ही मोठी गोष्ट होती.

प्रत्यक्ष बदलणं अवघड नाही, पण घाईचं काम नाही. क्रमांक पी ०१३५ असेल तर तक्रार हीटरची आहे. आधी फ्यूज पाहावा. मग सेन्सरचा कपलर सोडवून हीटरच्या दोन तारांवर, बहुधा त्या एकाच रंगाच्या असतात, मल्टीमीटर लावावा. थोडे ओहम दाखवले तर हीटर शाबूत. काहीच दाखवलं नाही तर तुटला. सोयाबीन काढून गोदामं भरली की शेताजवळ, आखाड्यावर उभ्या गाड्यांत उंदीर शिरतात आणि तारा कुरतडतात. नवा सेन्सर आणण्याआधी तार बोटाखालून शेवटपर्यंत जाऊ द्यावी. सेन्सरच बदलायचा ठरला तर बॅटरीची निगेटिव्ह काढायची. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही जाऊ नये, खाली पक्के स्टँड हवेत. आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून थांबायचं. इंजिन कोमट असताना आटे लवकर सुटतात, तापलेल्या नळीला मात्र हात लावायचा नाही. बावीसचा पाना, किंवा तार बाहेर काढायला फट असलेलं सॉकेट, आणि सावकाश जोर. नव्याच्या आट्यांना कंपनीने आधीच पेस्ट लावलेली असते. ती टोकाला लागता कामा नये, टोकाला बोटही लावू नये. कसायचं साधारण ४० न्यूटन-मीटर, म्हणजे हाताला घट्ट लागल्यावर थोडंच पुढे.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. अनेक सेन्सरना आतल्या नळीसाठी लागणारी स्वच्छ हवा तारांच्या बारीक धाग्यांमधल्या फटीतून मिळते. तार तुटली म्हणून तिथे डाग दिला, किंवा कपलरमध्ये ग्रीस भरलं, तर सेन्सरचा श्वासच कोंडतो. तुलना करायला आत हवा नाही, मग तो सांगतो ते खोटं. म्हणून सांधा द्यायचाच असेल तर डाग न देता दाबून द्यायचा.

काढलेला जुना सेन्सर फेकण्याआधी उजेडात धरावा. टोकावर मऊ काळी काजळी: पेट्रोल जास्त जातंय. काळा चकचकीत थर: इंजिन ऑइल जळतंय. पांढरी पूड: कुणीतरी इंजिन जोडताना साधी सिलिकॉन पेस्ट वापरली आहे आणि तिची वाफ इथवर आली, किंवा कूलंट आत झिरपतंय. प्लगचा रंग वाचणाऱ्या उस्तादाची विद्या इथे जशीच्या तशी चालते. आणि हे न वाचता नवा बसवला तर तोही त्याच रोगाने जाणार.

“काका, दिवा लागला म्हणून सेन्सरच गेला असं नसतंय. सेन्सर नुसता सांगायलाय,” असं हिंगोलीकडचा मिस्त्री गिऱ्हाइकाला समजावतो, त्यात सगळं आलं. पी ०१७१ म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. कितीतरी जण हा क्रमांक पाहून नवा ओटू आणतात. खरं कारण बहुतेक वेळा हवेच्या रबरी नळीला गेलेली चीर, मळलेला इंजेक्टर किंवा दमलेला पेट्रोल पंप. साक्षीदार खरं बोलतोय, आपण त्यालाच बाहेर काढतो. आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. उसाच्या मराठवाड्यात त्याचं अर्थकारण वेगळं सांगायला नको. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे या मिश्रणाला १ किलोमागे १४.७ ऐवजी साडेतेरा किलोच्या आसपासच हवा पुरते. सेन्सर शिल्लक ऑक्सिजन पाहून संगणकाला सांगतो, संगणक पेट्रोल वाढवून जमवून घेतो. जुन्या गाडीत आधीच थोडी चीर, थोडा मळ असेल तर हे जमवून घेणं मर्यादेबाहेर जातं आणि तोच क्रमांक येतो.

साक्ष खरी की खोटी हे ठरवायला गाडीत दुसरा साक्षीदारही ठेवलेला असतो, कन्व्हर्टरच्या पलीकडे. पुढच्याची लाट वरखाली होत राहावी, मागच्याची जवळपास सपाट. मागचाही नाचू लागला तर कन्व्हर्टर संपला, क्रमांक येतो पी ०४२०. एका मोजमापावर विश्वास न ठेवता दुसऱ्याशी ताडून पाहण्याची हीच रीत याच जिल्ह्यात फार मोठ्या प्रमाणावर येते आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा शिवारात गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान फरक पकडणारा लेसर. रस्त्यावरून गेलेला ट्रक, वारा, दूरचा भूकंप, सगळंच त्याला हलवतं, म्हणून भोवती हजारो छोटे सेन्सर फक्त गोंगाट मोजत बसतात. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत पहिली गुरुत्वीय लहर पकडली तेव्हा ती मानली गेली, कारण ३,००० किलोमीटर अंतरावरच्या दोन वेधशाळांनी तीच साक्ष दिली. गोंगाटातून लहर ओळखण्याच्या गणिताची पायाभरणी करणाऱ्यांत पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर आघाडीवर आहेत. दुधाळ्याच्या वाटेवर गॅरेज टाकलेल्या पोराला हे समजावून सांगणं कठीण जाणार नाही. त्याने पी ०४२० पाहिलेला असतो.

यापुढची अडचण मला विजेच्या गाडीत दिसते. तिला धूर नाही, म्हणून ओटू नाही, आणि ज्या नियमांनी ते सॉकेट चालकाच्या पायाजवळ आणलं ते आपल्याकडे उत्सर्जनाचेच नियम आहेत. तिच्या बॅटरीचं तापमान, प्रत्येक सेलचा दाब, मोटरचे फेरे मोजणारे सेन्सर असंख्य आहेत आणि तेही बिघडणार. कॅलिफोर्नियाने २०२६ सालच्या मॉडेलांपासून विजेच्या गाड्यांनाही बॅटरीची प्रकृती आणि बिघाड प्रमाणित रूपात दाखवायला लावणारा नियम केला होता. आपल्याकडे ग्राहक मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हे संकेतस्थळ सुरू केलं, त्यात मोटारी आणि शेतीची यंत्रं दोन्ही आहेत. तिथे माहिती देणं कंपन्यांच्या मर्जीवर न ठेवता नियमात आणता येईल. उच्च दाबाची बॅटरी कुणी अंगणात उघडू नये. पण तिच्यातला कोणता सेन्सर काय सांगतो आहे, हे हिंगोलीतल्या मालकाला आणि त्याच्या मिस्त्रीला आगपेटीएवढ्या स्कॅनरवर वाचता आलं पाहिजे, आणि त्यासाठीचं कलम या गाड्या रस्त्यावर वाढण्याआधी लिहिलं गेलं पाहिजे.